रातांब्याची सोयरीक

इस्रायलच्या अश्केलोनमध्ये रातांबा लावायचा म्हणजे उंटाला पोहायला शिकवायचं, असं पनीनाबायचा नवरा मेनाशे म्हणायचा. झाड जगलं, मेनाशे गेला. नशिबाची अशीच उलटी तऱ्हा असते, त्याला कोण काय करणार?

बी आणलं होतं पनीनाबायच्या आईनं. त्र्याण्णव साली म्हातारी शेवटची अलिबागकडे आपल्या गावी जाऊन आली, तेव्हा पावडरीच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं मूठभर बिया आणल्या. रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, बी फार नाजूक. सुकलं की मेलं. गव्हातांदळासारखं डब्यात भरून वर्षभर ठेवू म्हटलं तर लाकडाचा तुकडा लावल्यासारखंच. विमानतळावरच्या पोरीनं डबा हुंगून बघितला आणि म्हातारीच्या पांढऱ्या केसांकडे बघून सोडून दिला. अर्ध्या बिया आईनं थोरल्या मुलाला दिल्या, रामला शहरात राहणाऱ्या शमशोनला. अर्ध्या पनीनाला, अश्केलोनला. दोघांकडेही एकेकच रोप तगलं. बाकीची कोवळी असतानाच माना टाकून गेली.

आता रातांबा म्हणजे काही बोरीबाभळी नव्हे, की फेकलं बी आणि उगवलं झाड. हे रानातलं लाडावलेलं लेकरू. सह्याद्रीच्या उतारावर, ओढ्याच्या कडेला, मोठमोठ्या झाडांच्या छपराखाली वाढणारं. पायाशी जांभ्याची लाल माती, डोक्यावर चार महिने धो धो पाऊस, आणि बाकीचे आठ महिनेही हवेत ओल. लहानपणी तर त्याला ऊन मुळीच सोसत नाही, सावली लागते. आणि अश्केलोनला काय? वाळू. नळाचं पाणी चुन्यानं भरलेलं, किटलीच्या तळाला पांढरी पुटं चढवणारं. वसंतात वाळवंटाकडून हमसीनचा तापलेला वारा सुटला की माणसाच्या ओठांना भेगा पडतात, तिथं कोवळ्या पानांची काय कथा!

पण पनीनाबाय जिद्दीला पेटली की पेटली. तळमजल्यावरच्या तिच्या ब्लॉकच्या मागं जमिनीची लहानशी पट्टी होती, तिथं तिनं खड्डा खणला. वर हिरवी जाळी ताणली. एअरकंडिशनरमधून ठिबकणारं पाणी बादलीत धरून तेवढंच झाडाला घालायचं, कारण त्यात चुना नसतो. चहाचा चोथा मुळाशी. हमसीनच्या दिवसांत ओल्या चादरी दोरीवर टांगून झाडाभोवती मोरी केल्यासारखा आडोसा. शेजारीण निली बाल्कनीतून विचारायची, "आजारी कोण आहे तुमच्याकडे?" पनीनाबाय मान वर न करता सांगायची, "तुझी अक्कल."

आणि झाड वाढलं. मंद वाढलं, पण वाढलं. खाली रुंद, वर निमुळतं, आणि फांद्या सगळ्या जमिनीकडे झुकलेल्या. पानं गर्द आणि तुकतुकीत, पालवी फुटली की मात्र तांबडीलाल. साल जरा खरवडली की पिवळा चीक यायचा. तो बोटाला लागला की पनीनाबाय दिवसभर हात हुंगत बसायची, आणि तिला गावची इतकी आठवण यायची की जेवण जायचं नाही.

आठव्या वर्षी झाड फुललं. पुरीमच्या सणानंतर फांद्यांच्या टोकांना फुलं आली. एकेकटी, फार तर दोन, जाड पिवळट पाकळ्यांची, मधोमध हिरवी गाठ. पनीनाबायनं देवाचे आभार मानले, एलियाहू नबीच्या नावानं मलिदा केला, पोहे, खोबरं, साखर आणि पाच फळं मांडून अख्ख्या गल्लीला बोलावलं. आठवड्याभरात फुलं गळून गेली. पुढल्या वर्षी तेच. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली की झाड वांझ आहे.

त्याच सुमाराला शमशोनशी तिचं फाटलं. कोणाच्या तरी साखरपुड्याला, चारचौघांत, शमशोन म्हणाला, "माझ्या झाडाला फुलांचे झुपके येतात झुपके! छपरापर्यंत गेलंय. पनूच्या हाताला यशच नाही." बाईला ते लागलं. ती म्हणाली, "तुझं झाड तुझ्यासारखंच, भाऊ. नुसता गाजावाजा. फळ कुठाय?" कारण फळ त्याच्याकडेही नव्हतंच. मग मागचं पुढचं सगळं निघालं, आईची भांडी कोणी नेली इथपर्यंत, आणि चार वर्षं दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. रामला ते अश्केलोन, तासादीड तासाची वाट. पण मानापमानाला कुठली बस चालते?

असो. खरी गोष्ट इथून सुरू होते.

दोन हजार सातचा वसंत. गाझाकडून रॉकेटं अश्केलोनच्या दक्षिणेला पडायला लागली होती. पनीनाबायच्या इमारतीचं आश्रयघर गल्लीच्या पलीकडे. भोंगा वाजला की तिथपर्यंत पोचायला दोन लहान पोरांना घेऊन धावावं लागायचं. मुलगा यिगाल, सून मिखाल आणि दोन नाती तिच्याचबरोबर राहायचे. यिगालनं ठरवलं, घरालाच जोडून ममाद बांधायचा. ममाद म्हणजे जाड काँक्रीटच्या भिंतींची, लोखंडी खिडकीची खोली, रॉकेट आलं तर घरातल्या घरात शिरायला. इंजिनिअर आला, फिरला, आणि त्यानं बोट दाखवलं ते थेट रातांब्यावर.

"दुसरीकडे नाही होणार?" पनीनाबायनं मराठीत विचारलं.

यिगालनं हिब्रूत उत्तर दिलं, ते त्याचं नेहमीचंच. होईल, स्वयंपाकघराच्या बाजूला. पण मग भिंत फोडावी लागेल, निलीची परवानगी लागेल, आणि सगळं लांबेल. पोरगा वाईट नव्हता. आईचा जीव त्या झाडात आहे हे त्याला कळत होतं, आणि पोरींचा जीव कशात आहे हेही कळत होतं. म्हणून तो धर्मगुरूकडे, रब्बीकडे गेला. रब्बींनी सांगितलं ते सरळ होतं: फळ देणारं झाड, दुसरी जागा असताना, तोडू नये, तोराहची तशी आज्ञा आहे. फळ देत नसेल तर ते नुसतं लाकूड.

"इमा," यिगाल आईला म्हणाला, "शावुओतच्या सणानंतर गवंडी येणार. तोपर्यंत एक फळ दाखव. एक. मग मी निलीच्या पाया पडतो आणि स्वयंपाकघर फोडतो."

पाटी नको, डझन नकोत, एक फळ. पनीनाबायनं त्या रात्री झाडाला सुनावलं, "बये, आता तरी लाज राख."

झाडाला लाज असती तर काय हवं होतं? तेव्हा तिनं शहाणपणाचं काम केलं, शेती खात्यात फोन लावला. तिथून रोनीत नावाची बाई आली, पन्नाशीची, उन्हानं रापलेली, गळ्यात भिंग. तिनं फूल तोडलं, भिंगाखाली धरलं, दुसरं तोडलं, तिसरं तोडलं. झाडाला प्रदक्षिणाच घातली म्हणा ना.

"झाड उत्तम आहे," रोनीत म्हणाली. "इथं एवढं वाढवलंत, मला विश्वास बसत नाही. पण ही मादी आहे. सगळी फुलं मादीची. या जातीत नर वेगळा, मादी वेगळी. नराचा पराग मिळाल्याशिवाय फळ कसं धरणार?"

"नर-मादी मला ठाऊक आहे," पनीनाबाय फणकारली. "मी कोकणातली आहे. एकेकटं फूल ती मादी, झुपका आला की नर. नराला फळ नाही, म्हणून नर ठरला की आम्ही तोडतो. माझ्या आज्यानं तोडले, बापानं तोडले. सरपणाला चांगला."

"सगळे?"

"परसातले सगळे. ठेवून काय करायचे?"

"आणि मागं रान होतं?"

"होतं की. डोंगरभर."

रोनीतनं हातातलं मादीचं फूल तिच्यापुढं धरलं. आणि पनीनाबायच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डोंगरभर रान, रानात नरच नर. माश्या, किडे त्या रानातून परसात यायचे आणि आपलं काम करून जायचे. म्हणून गावात कोणाला कधी नराची किंमत कळली नाही. पिढ्यान्‌पिढ्या नर तोडले आणि रातांबे पाट्या भरभरून उतरवले. पण इथं रान कुठाय? इथं आहे वाळू, काँक्रीट आणि निली. सगळ्या देशात रातांब्याचा नर असलाच तर—

"अगं बाई!" पनीनाबाय दगडावर बसलीच. "झुपके!"

शमशोनचं झाड. फुलांचे झुपके, छपरापर्यंत. नर होता तो, आणि भांडणाच्या भरात ते दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं! त्याच म्हातारीच्या मुठीतला भाऊ.

तिनं रोनीतला सगळं सांगितलं. रोनीत हरखली. म्हणाली, या देशात दुसरा नर माझ्या तरी माहितीत नाही. ताजी उमललेली नरफुलं आणा, मादीच्या फुलाला हलकेच लावा, बस. मात्र फुलं ताजी हवीत. आणि हे झाड इथून हलवायचा विचार करू नका, खाली मूळ सरळ खोल गेलंय, या वयात उपटलं तर मरेल.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? फोन उचलला असता आणि सांगितलं असतं, भाऊ, मला तुझ्या झाडाची फुलं हवीत. संपलं! पण पनीनाबायला ते कसं रुचावं? चार वर्षांचा अबोला, त्यात गरज आपली. शिवाय रीत म्हणून काही असते. मुलीकडच्यांनी मुलगा मागायचा तर तो काय फोनवर मागतात? चांगले कपडे घालायचे, साखर घ्यायची, त्याच्या दारात जायचं, चहा होऊ द्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग हळूच विषय काढायचा. रातांब्याची झाली म्हणून काय, सोयरीक ती सोयरीकच.

गुरुवारी तिनं रामलेला फोन लावला. उचलला सुझॅन वहिनीनं. "वन्सं?" म्हणून ती आत हाक मारायला धावली. मग शमशोन आला.

"कोण मेलं?" त्यानं विचारलं. चार वर्षांनी फोन आला की माणूस दुसरं काय विचारणार?

"कोणी नाही. तुझं झाड कसं आहे?"

"झाड?" त्याचा आवाज सावध झाला. "बरं आहे. फुललंय."

"झुपक्यांनी?"

"झुपक्यांनी."

"मग नर आहे तो, भाऊ."

मग तो म्हणाला, "नर?"

"नर. गावी आपण विसरलो काय? झुपका आला की नर."

"आणि तुझं?"

"माझी मादी आहे," ती म्हणाली. भावाचा आवाज म्हातारा झाला होता. आणखी दोन शब्द बोलली असती तर रडली असती, आणि रडून मागायचं हे तिला नको होतं. "मी येते रविवारी. मग बोलू," म्हणून तिनं फोन ठेवला.

बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, हे तिला तिच्या आईनं हजारदा सांगितलं होतं. ऐकतं कोण?

रविवारी तिनं निळी साडी नेसली. ही साडी ती सणालाच नेसायची. एका पिशवीत साखरेचा पुडा, गव्हाच्या चिकाचा हलवा, आणि झाकणाचा डबा, आत ओला कापूस, फुलं ठेवायला. रेहोवोतला बस बदलून ती रामलेला उतरली. वाटेत तिनं बोलणं मनात मांडून ठेवलं होतं. आधी हलवा. मग माफी, पण अर्धीच. मग मागणी.

दार शमशोननंच उघडलं. पांढरा इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत, डोक्यावर सणाची टोपी. सत्तरीचा माणूस, पण चेहरा असा फुललेला की पनीनाबायला अर्ध्या माफीची लाज वाटली. त्यानं तिला जवळ घेतलं. "पनू, पनू," करत राहिला. सुझॅन मागं पदरानं डोळे पुसत उभी.

"चहा मागनं. आधी इकडे ये," म्हणून त्यानं तिचा हात धरला आणि तिला घरातून ओढत मागच्या अंगणात नेलं.

मागं खड्डा होता. मोठा, ताजा, कडेला मातीचा ढीग. ढिगापलीकडे कुंपणाला टेकून रातांबा आडवा पडला होता, मुळासकट.

"तू गुरुवारी सांगितलंस आणि शुक्रवारी सकाळी मी काम उरकलं," शमशोन म्हणाला. "शनिवारचा शब्बाथ लागायच्या आत. शेजारच्या उझीच्या जीपला दोर बांधला आणि ओढला. मूळसुद्धा ठेवलं नाही. चार वर्षं मी तुझ्याशी भांडलो त्या झाडापायी, पनू, आणि निघाला नर! तू सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, नुसता गाजावाजा, फळ कुठाय. मला राग आला होता. पण खरं होतं गं. बापानं आपल्याला शिकवलं तेही मी विसरलो. म्हटलं, पनू येईल तेव्हा तिच्या डोळ्यांना हे झाड दिसता कामा नये."

पनीनाबायनं खड्ड्यात डोकावून पाहिलं.

"आता मागणं एकच आहे," तो पुढं म्हणाला, आणि थोरला भाऊ असून त्यानं चक्क तिच्यापुढे हात जोडले. "तुझी मादी आहे. तिचं फळ झालं की एक बी मला दे. इथंच लावतो, या खड्ड्यात. मी असेन नसेन, पण आईचं झाड या घरी असू दे. देशील ना?"

मागणी घालायला आली होती ती, आणि मागणी घातली त्यानं.

सांगायचं का? तोंडाशी आलं होतं. अरे भाऊ, माझ्या मादीला आजवर एक फळ धरलेलं नाही, आणि धरलं असतं तर या तुझ्या नरामुळंच. या देशात होता नव्हता तेवढा एक नर, आणि तू तो जीपला बांधून उपटलास, माझा मान राखायला. असं सांगितलं असतं तर ते खोटं नव्हतं. राग तर तिला असा आला होता की हातातली पिशवी त्या खड्ड्यात भिरकावून द्यावी. पण समोर तो उभा होता, जोडलेल्या हातांनी, दाढी केलेला, आणि जन्मात पहिल्यांदा बहिणीचं ऐकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

"देईन," ती म्हणाली.

तो चहाचं बघायला आत गेला. पनीनाबाय पडलेल्या झाडाकडे गेली. फुलांचे झुपके अजून फांद्यांवर होते, पण तपकिरी पडलेले. दोन दिवस उन्हात. तिनं एक कळी उकलली, दुसरी उकलली, पानांच्या सावलीतल्या शोधल्या. हात लावावा तसं फूल गळून येत होतं, आतली पूड काळवंडलेली. कापसाचा डबा तिनं उघडलाच नाही.

मागं सुझॅन येऊन उभी होती. ती बाई बोलायची कमी, बघायची जास्त.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "तुम्ही ही फुलं न्यायला आला होतात का?"

"वहिनी, त्याला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"नाही सांगत," सुझॅन म्हणाली, आणि मग दोघींनी मिळून चहाबरोबर द्यायला हलवा कापला म्हणा की रडू गिळलं म्हणा, एकच. पनीनाबाय संध्याकाळपर्यंत थांबली. शमशोननं आईच्या गोष्टी काढल्या, दोघं पोट धरून हसली. ते हसणं खरं होतं. एवढं नुकसान झालेल्या दिवशी इतकं बरं वाटावं, याचा तिला स्वतःचाच संताप आला.

घरी आल्यावर तिनं तरीही, वेडी आशा म्हणून, साडीला चिकटलेली दोनचार वाळकी फुलं मादीच्या फुलांना लावून पाहिली. रोनीतनं सांगितलं होतं तसं, हलकेच. आठवड्याभरात फुलं गळली, दरवर्षीसारखी.

शावुओत झाला. "बोलाव तुझ्या माणसांना," तिनं यिगालला सांगितलं. त्यानं हिब्रूत विचारलं, इमा, अजून थोडं थांबू का? ती नको म्हणाली. त्याच आठवड्यात रॉकेट पोरींच्या शाळेपासून दोन गल्ल्या अलीकडे पडलं होतं, आणि तिला दोन नाती होत्या. झाड तोडताना ती आत बसली नाही, बाहेर खुर्ची घेऊन बसली. मजुरानं विचारलं, आजी, हे कसलं झाड? ती म्हणाली, लाकडाचं.

शमशोनचा आता दर शुक्रवारी फोन यायचा. चार वर्षांची थकबाकी भरून काढायची होती त्याला. रामलेचा खड्डा त्यानं बुजवला नव्हता. कंपोस्ट टाकून, पाणी मारून तयार ठेवला होता.

पुढच्या वसंतात एका शुक्रवारी, दिवे लावायच्या थोडं आधी, भोंगा वाजला. मिखालनं पोरींना उचललं, पनीनाबायनं ताटं तशीच टाकली, आणि सगळ्या ममादमध्ये शिरल्या. यिगालनं दार ओढून घेतलं. दूर कुठंतरी धप्प झालं, भिंती हलल्या नाहीत. तेवढ्यात मोबाईल वाजला. शमशोननं रेडिओवर ऐकलं होतं.

"पनू! आत आहेस ना?"

"आत आहे, भाऊ. सगळे आहोत."

"देवाची कृपा." तो धापा टाकत होता. मग आवाज खाली आणून, लहान पोरासारखा भीत भीत, त्यानं विचारलं, "आणि झाड? झाडाला काही नाही ना झालं?"

पनीनाबाय उभी होती ती नेमकी झाड होतं त्याच जागेवर. समोर चुना लावलेली पांढरी भिंत होती. धाकटी नात तिच्या साडीला धरून होती. यिगाल आईकडे बघत होता. मराठी बोलत नसला तरी त्याला कळत सगळं होतं.

"नाही रे. बरं आहे," ती म्हणाली.

"फुललंय?"

"फुललंय."

"यंदा धरेल बघ फळ. मला वाटतंच. पाणी घालतेस ना नीट?"

"घालते," पनीनाबाय म्हणाली.